डाबकी रोडच्या घराचा मंजूर भार

रोज सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय मी पाणी घेत नाही. त्याच तोंडानं सांगते, पुढे लिहिलेलं सगळं घडलेलं आहे.

दामिनी माझी मावसबहीण. अकोल्याला डाबकी रोडवर तिचं घर. मी अमरावतीची. ती तिकडे आणि मी इकडे, पण आठवड्यातून दोनदा फोन ठरलेला. यातला शब्दन् शब्द मी तिच्याच तोंडून ऐकलेला आहे.

अधिक ज्येष्ठातला तिसरा शुक्रवार. वेळ रात्रीची नव्हती…

भर दुपार होती. पावणेदोन.

ज्यांनी अकोल्याचा उन्हाळा काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सेहेचाळीस डिग्रीत रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दारं लावलेली, पडदे ओढलेले, आणि प्रत्येक घरातून कूलरची घरघर. मध्यरात्री नसेल एवढं सामसूम दुपारी असतं.

पण आधी चार वर्षं मागे जावं लागेल. देवमनपाशी.

दामिनीच्या घरात वीज आली ती तिच्या सासऱ्यांच्या काळात. तेव्हा चार बल्ब, दोन पंखे आणि एक टीव्ही. सासरे वारले, मीटर त्यांच्याच नावावर राहिलं. बिलाच्या एका कोपऱ्यात दर महिन्याला छापून येतं, मंजूर भार एक किलोवॅट. तो कोपरा कोणी वाचत नाही. आपण बिल भरायची शेवटची तारीख पाहतो आणि बिल खिळ्याला अडकवतो.

तो कोपरा वाचायचा फक्त देवमन.

देवमन वायरमन होता. गल्लीतल्या निम्म्या घरांची वायरिंग त्याच्या हातची. किडकिडीत माणूस, कानावर टेस्टर खोचलेला. बोर्डाला हात लावायच्या आधी बोटांची मागची बाजू टेकवून बघायचा. दामिनीनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाला,

"वैनी, करंट असला तं मूठ आपोआप बंद होते. तळहातानं धरलं तं मंग सुटत नाई. उलटा हात लावला तं झटक्यानं मांगं येते."

वामनरावांनी, म्हणजे दामिनीच्या नवऱ्यानं, पहिला एसी आणला तेव्हा देवमननं ते बिल खिळ्यावरून काढून दामिनीच्या हातात दिलं होतं.

"हे पाहा. एक किलोवॅट. म्हंजे तुमच्या सासऱ्यानं लिहून देल्लं होतं का आमी एवढंच वापरू. त्या हिशोबानं खांबावरून तार आली. आता घरात तुमी मनगटाएवढी वायर टाका न, खांबापासून मीटरपर्यंत तेच म्हातारी तार हाय. तिच्यात एवढा जीव नाई."

"मंग काय करा लागते?"

"भाऊनं अर्ज द्या लागते. लोड वाढवून घ्या, नवी सर्व्हिस वायर घ्या. मंग लावा दोन एसी, कोन नाई म्हंते?"

वामनराव आतून ओरडले, "अर्ज देला तं मीटर पहिले माह्या नावावर करा लागते. त्याले अमरावतीवाल्याची सही लागते. अन् सही द्यायच्या आधी तो घरातला हिस्सा मांगीन. तू गुमान फ्यूज टाक न बाप्पा!"

अमरावतीवाला म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांचं सात वर्षं बोलणं नव्हतं.

देवमन मुद्दाम बारीक तार टाकायचा. लोड जास्त झाला की फ्यूज उडायचा. वामनराव चिडायचे.

"तुही तार हाय का अगरबत्ती? पेटली का संपली!"

"ते जळते म्हून तुमी जळत नाई, भाऊ," देवमन म्हणायचा.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका दुपारी बोर्ड तापला. वरांड्यातून आत येताना जो बोळ आहे, तिथे हा बोर्ड. देवमन आला. त्यानं मेन स्विचचा दांडा खाली पाडला, लाकडी स्टुलावर चढला, बोर्ड उघडला. स्क्रू दातात धरले होते.

घरात उकडत होतं. वामनराव सदरा काढून येरझाऱ्या घालत होते.

"झालं का बे?"

"पाच मिन्टं, भाऊ. मेनले हात नोका लावजा."

पाच मिनिटं झाली नसतील. वामनराव बोळात आले. "तू संध्याकाळ करतं वाट्टे," असं म्हणाले…

आणि त्यांनी मेन वर केला.

दामिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. देवमनसाठी पन्हं केलं होतं, तो पेला तिच्या हातात होता. नवऱ्याचा हात मेनच्या दांड्यावर होता, तो तिनं डोळ्यांनी पाहिला.

देवमन ओरडला नाही. त्याला ओरडताच आलं नाही. मूठ तारेवर बंद झाली होती. जबडा आवळला आणि दातातले स्क्रू जिभेत घुसले. हनुवटीवरून रक्ताची धार लागली. आणि त्याच्या पायांखालचा स्टूल फरशीवर थरथरत वाजत होता.

टक टक टक टक…

वामनरावांना आधी वाटलं, गंमत करतोय. ते हसले.

मग केस जळल्याचा वास आला.

मेन खाली पाडला तेव्हा देवमन सुटला आणि डोक्यावर पडला. उंबरठ्याचा दगड त्याच्या कपाळात गेला. पुढचं मी लिहीत नाही.

पोलिसांना वामनरावांनी सांगितलं, "त्यानं मेन पाडलाच नवता, साहेब. घाई होती त्याले."

देवमनची बायको माणिकबाई गावाहून आली. तिनं दामिनीचा हात धरला. "वैनी, तुमी होत्या न घरी? काय झालं वो?"

"मी सैपाकघरात होती," दामिनी म्हणाली.

वायरमन स्वतःच्या चुकीनं मेला, असं कागदावर लागलं. माणिकबाई चांदूर रेल्वेला भावाकडे निघून गेली. तो स्टूल गंगूबाईनं, म्हणजे दामिनीच्या सासूनं, बंबात घालून जाळला.

आता त्या अधिक महिन्याकडे येते.

दामिनीची मुलगी रागिणी बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. सव्वा महिन्याच्या आत बाळाला उन्हानं ताप भरला, दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की पुन्हा असं झालं तर हे एवढंसं पोर तग धरणार नाही. खोली थंड पाहिजे. दिवसभर.

म्हणून बाळंतिणीच्या खोलीत दुसरा एसी लागला. सोमवारी.

"अवो, देवमनभाऊ सांगत होते का…" दामिनीनं तोंड उघडलं.

"त्याचं नाव काढू नोको!" वामनराव म्हणाले. "पोरीचा जीव महत्त्वाचा का बिलावरचा आकडा?"

दामिनी बाळाची दुपटी घडी घालायला आत गेली.

मंगळवारी दुपारी लाईन गेली. फक्त ह्यांच्या घराची. वामनराव बोळात जाऊन बघतात तर बोर्डातला चिनीमातीचा फ्यूज जागेवर नव्हता.

जळला नव्हता. नव्हताच.

तो खाली उंबरठ्यावर उभा ठेवलेला होता. आतली तार शाबूत.

त्यांनी उचलून परत बसवला. कोणाला काही बोलले नाहीत.

बुधवारी पुन्हा तेच. ह्यावेळी वामनराव बोर्डासमोर उभे होते, आणि तो फ्यूज बंदुकीतून सुटावा तसा बाहेर आला. त्यांची भुवई हाडापर्यंत फाटली. सात टाके पडले. दवाखान्यातून येताना ते मोटारीची जुनी कॉइल घेऊन आले. तिची तांब्याची तार काढली, चार पदरी पीळ दिला आणि फ्यूजच्या तारेऐवजी तो पीळ ठोकून बसवला.

"आता कसा उडते पाहतो मी."

असं आपल्याकडे अर्ध्या घरांत केलेलं असतं. आमच्याकडेही होतं. तार जाड टाकली म्हणजे रोजची कटकट गेली, एवढंच आपल्याला कळतं. कटकट कशाला होती ते विचारत नाही कोणी.

गुरुवारी फ्यूज उडाला नाही.

गुरुवारी दुपारी गंगूबाई बोळात चटईवर लवंडल्या होत्या. डोळा लागत होता. इतक्यात कानाशी आवाज यायला लागला…

टक टक टक टक…

फरशीवर लाकूड वाजतं तसा.

"कोन हाय वो?" त्या उठून बसल्या.

आवाज थांबला. आणि त्यांच्या गालावर जी बसली…

दामिनी धावत आली तेव्हा म्हातारी भिंतीशी पडलेली होती. तोंडातून रक्त. दोन दात पदरात. गाल सुजून काळानिळा झाला होता आणि त्यावर चार गाठी उमटल्या होत्या. हाताच्या पंजाच्या नव्हत्या त्या. उलट्या हाताच्या, बोटांच्या पेरांच्या.

"कोनं मारलं वो मले, दामिने? मी काय केलं?"

दामिनीला कळलं. ती मला म्हणाली, मला त्याच क्षणी कळलं, ताई, आणि मी सासूबाईच्या तोंडाला बर्फ लावत बसले.

तिनं रात्री नवऱ्याला हात जोडले. एक एसी बंद करा म्हणाली. वामनराव बाळाच्या पाळण्याकडे बोट करून म्हणाले, "कर बंद. तुह्या हातानं कर." बाळ शांत झोपलं होतं. तिच्या हातून बटण दाबलं गेलं नाही.

आणि शुक्रवार उजाडला.

अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवू घालतात, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. पहिली मुलगी, पहिला जावई, त्यात लेकीच्या कुशीत बाळ. दामिनी पहाटेपासून पुरणात होती. जावई पियुष अमरावतीहून दहाच्या गाडीनं आला.

"जावईबापू, मोजून तेहतीस खा लागते बरं," वामनराव कपाळावरची पट्टी सावरत म्हणाले.

"मामा, तेहतीस खाल्ले तर मला परत न्यायला ट्रक सांगावा लागेल."

"खा न बाप्पा," गंगूबाई बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "माहे दोन गेले, माह्या वाटचं तुमीच चावा."

सगळे हसले. दामिनी म्हणते, तेवढंच काय ते हसणं.

बाळाला पाळण्यात झोपवून खोलीचं दार ओढून घेतलं होतं. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून. पाळणा लोखंडी स्टँडचा, जड. मधोमध, एसीच्या वाऱ्याच्या जरा बाजूला. रागिणी बैठकीत नवऱ्याशेजारी पाटावर बसली होती, औक्षणासाठी.

बाळाच्या खोलीतला एसी. बैठकीतला एसी. फ्रीज. बोळातला कूलर. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम होत होतं. मिक्सरवर वेलची-जायफळ चाललं होतं, म्हणून दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

दामिनीनं मिक्सर बंद केला, ताट उचललं आणि बैठकीत आली. पियुषच्या कपाळाला कुंकू लावलं. निरांजन ओवाळायला घेतलं…

निरांजनाची ज्योत आडवी झाली. बोळाच्या दिशेनं. कोणी तिकडून श्वास ओढून घेतोय तशी.

"मामी," पियुष म्हणाला, "काहीतरी जळतंय का?"

वास आला. केसांचा.

आणि बोळातून…

टक टक टक टक टक टक…

बाळ रडायला लागलं. एकदम, जोरात, घाबरून.

आणि मधेच थांबलं.

जसं कोणी तोंडावर हात ठेवावा.

रागिणी किंचाळत उठली, पण पियुष तिच्या आधी पोहोचला. त्यानं दाराच्या स्टीलच्या कडीला हात घातला आणि पुढच्या क्षणी तो समोरच्या भिंतीवर आदळला. कोणी उचलून फेकावा तसा. खांदा निखळला, ओठ फाटून लोंबायला लागला. तो तसाच पुन्हा उठला, पुन्हा कडीला धावला, आणि पुन्हा फेकला गेला. दाराखालच्या फटीतून काळा धूर येत होता.

"मेन पाडा!" दामिनी ओरडली. "अवो, मेन पाडा!"

वामनराव बोळात धावले. दांडा धरून खाली ओढला. खटकन आवाज झाला.

मेन खाली होता.

आणि एसी चालूच होता. कूलर चालूच होता. बोळातला बल्ब तर अजून पांढरा झाला, डोळ्यांना बघवेना एवढा.

"हे कसं काय होऊन राह्यलं…" वामनराव म्हणाले, आणि त्यांनी बोर्डाचं झाकण उघडून ती तांब्याची चार पदरी तार उपटायला हात घातला.

त्यांची मूठ बंद झाली.

मी बाई हळव्या मनाची आहे. पण दामिनीनं जसं सांगितलं तसंच लिहिते. त्यांची बोटं एकेक करून मोडली. करंटानं नाही, पिळून. तिनं हाडांचा आवाज ऐकला. तांबं वितळून तळव्यात उतरलं. जबडा आवळला गेला, दातांचे तुकडे सदऱ्यावर पडले. आणि मग कोणी मागून मानगूट धरल्यासारखं त्यांचं डोकं बोर्डावर आपटायला लागलं. एकदा. दोनदा. भुवईचे सातही टाके उसवले. रक्त भिंतीवर उडालं.

गंगूबाई धुण्याची मोगरी घेऊन आल्या आणि लेकाच्या हातावर हाणत सुटल्या. "सोड! सोड माह्या पोराले!" तिसऱ्या फटक्याला मोगरी उभी चिरली.

एका बाजूला नवरा. दुसऱ्या बाजूला ते दार, आणि त्यामागे आवाज नसलेली नात.

दामिनी दोन्हीच्या मधे उभी होती. तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

"देवमनभाऊ!" ती किंचाळली. "मेन तुमी पाडला होता! यायनं वर केला! मी पाह्यलं! माह्या डोळ्यानं पाह्यलं अन् मी बोलली नाई! पोरीले सोडा, भाऊ! तिनं काय केलं?"

जावयासमोर. लेकीसमोर. सासूसमोर.

सगळं थांबेल असं तिला वाटलं होतं. थांबलं नाही. वामनरावांचं डोकं आणखी एकदा बोर्डावर आपटलं. सावकाश. नीट अंतर घेऊन.

मग बल्ब विझला.

एसी बंद झाला. कूलरचं पातं खरखरत थांबलं. वामनराव ओल्या पोत्यासारखे उंबरठ्यावर कोसळले.

आणि खोलीचं दार आपोआप आतल्या बाजूला उघडलं.

आत धूरच धूर. छताच्या पीओपीतून गेलेली वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत जळाली होती. तिचं पेटलेलं प्लास्टिक थेंबाथेंबानं खाली पडत होतं, जिथे पाळणा ठेवला होता बरोबर तिथे. तिथली सतरंजी जळून फरशी काळी पडली होती.

पाळणा तिथे नव्हता.

तो पलीकडच्या कोपऱ्यात, खिडकीखाली होता. दोन माणसांशिवाय न हलणारा तो लोखंडी स्टँड. खिडकी उघडी होती. बाळ जागं होतं. रडत नव्हतं. चेहरा काजळीनं काळा, आणि डोळे वर, पाळण्याच्या काठाकडे. तिथे कोणी वाकून बघत असावं तसे.

रागिणीनं बाळाला छातीशी घेतलं. तेव्हा कुठे ते रडलं.

आरडाओरडा ऐकून समोरचे ओमप्रकाशजी घाम पुसत आले. ते रक्त, तो धूर पाहून दारातच थिजले.

"करंट लागला," दामिनी एवढंच म्हणू शकली. "लाईन बंद होत नवती."

"कोनती लाईन, भाभी?" ओमप्रकाशजी म्हणाले. "लाईन तं दीड वाजताच गेली. पूर्ण गल्लीची. डीपीवर, गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, काम चालू हाय, खांबावरचे फ्यूज काढून ठेवले त्यायनं."

दामिनीनं बाहेर पाहिलं. एकाही घरातून कूलरची घरघर येत नव्हती. बाया दारात पदरानं वारा घेत उभ्या होत्या. घड्याळात दोनला पाच कमी होते.

दामिनीकडे इन्व्हर्टर नाही. जनरेटर नाही.

पंचवीस मिनिटं त्या घरात दोन एसी चालले होते… कशावर?

नंतर जो वायरमन आला त्यानं खांबापासून मीटरपर्यंतची जुनी तार उतरवून दाखवली. आतून पूर्ण जळून भुगा झाली होती. "एवढ्या तारेतून एवढा करंट जाऊच शकत नाही, बाई," तो म्हणाला. मग खांबावरचे फ्यूज काढलेले होते हे त्याला सांगितलं, तर हत्यारं पिशवीत भरून पैसे न घेता निघून गेला.

वामनरावांचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला. अमरावतीचा भाऊ दवाखान्यात आला. मीटरच्या कागदांचा विषय निघाल्यावर त्यानं तिथेच पायरीवर बसून सही केली.

"दादानं एकदा मांगून तं पाह्यची होती," तो म्हणाला. "मले काय कराचं होतं त्या घराचं?"

आता त्या घराला नवी केबल आहे. बिलावर पाच किलोवॅट छापून येतं. सगळं जिथल्या तिथे आहे. वामनराव मात्र बोलत नाहीत. जीभ शाबूत आहे, डॉक्टर म्हणतात बोलता येईल. ते बोलत नाहीत.

महिनाभरानं दामिनी एकटीच चांदूर रेल्वेला गेली. माणिकबाई तिथल्या शाळेत खिचडी शिजवते. मोठ्या गंजात उलथणं फिरवत होती. दामिनीनं तिच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. मेनचा दांडा, पन्ह्याचा पेला, पोलिसांपुढचं खोटं. आणि तो शुक्रवार.

माणिकबाईनं उलथणं थांबवलं नाही.

"नात बरी हाय?"

"हो."

"देवमननं वाचवली म्हंता?"

"मले नाई समजत," दामिनी म्हणाली. "पाळणा त्यायनंच सरकवला असंन. पन दार कोनं धरलं होतं? आग कोनं लावली?"

"ते मले नोका इचारू." माणिकबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मी एक इचारतो. नात वाचली म्हून आज आल्या तुमी. तसं काही झालंच नसतं तं? मी मरेपर्यंत माह्या नवऱ्यालेच येडा समजली असती न?"

माणिकबाईनं तिला पाणी दिलं नाही, जा म्हटलं नाही. मुलांची रांग लागली होती, ती वाढायला उठली.

इथपर्यंत मी दामिनीचं सांगितलं. आता थोडं माझं.

देवमन गेला त्याच आठवड्यात दामिनी माझ्याकडे अमरावतीला आली होती. माझ्या देवघरापुढे बसून तिनं मला सगळं सांगितलं होतं. मेन कोणी वर केला, तेही. आणि मी तिला म्हटलं, झालं ते झालं, संसार मोडू नको, रोज एक अध्याय वाचत जा, मन शांत होईल.

चार वर्षं मीही कोणाला बोलले नाही.

आज सकाळी दामिनीचा फोन आला. सोमवारी ती माणिकबाईला घेऊन पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जाणार आहे. म्हणाली, "ताई, तू येशील का? मी तुले तवाच सांगतलं होतं, एवढंच बोलजो."

मी विचार करून सांगते म्हटलं. ह्यांना विचारावं लागेल, माझे नेम आहेत, सोमवारचा उपास आहे… असं काहीबाही बोलले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी हे लिहीत बसले आहे.

आमच्या गल्लीत आज सकाळी नऊपासून लाईन नाही. मोठा बिघाड आहे, संध्याकाळपर्यंत येणार नाही असं सगळ्यांच्या मोबाईलवर कळवलंय. आत्ता दुपारचा एक वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. शेजारचे दार उघडं टाकून पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेत.

माझ्या डोक्यावरचा पंखा फिरतोय.

मी दोनदा उठून बटण बंद केलं.

तो फिरतोय…